चार मिनिटांचा चोर

मघाच्या गणिताच्या वहीत शेवटच्या पानावर एक कोडे होते. शाळेतल्या कोड्यांची उत्तरे पुस्तकाच्या मागे सापडतात, याचे कुठेच सापडत नव्हते. दिवसागणिक कोडे एका ओळीने वाढत होते आणि मघाचा जीव तेवढाच खचत होता.

सोमवार, सात सव्वीस. मंगळवार, सात बावीस. बुधवार, सात अठरा. गुरुवार, सात चौदा. शुक्रवार, सात दहा. शनिवार, सात सहा.

आईचा फोन रोज संध्याकाळी सातला यायचा आणि साडेसातपर्यंत चालायचा. या आठवड्यात मात्र तो रोज वहीतल्या वेळेला मध्येच तुटला होता. चोर कोणी का असेना, मोठा शिस्तीचा होता. रोज नेमकी चार मिनिटे न्यायचा, ना एक कमी ना एक जास्त.

मघाची आई, विशाखा, फार लांब होती. उत्तर ध्रुवापासून सातशे किलोमीटरवर, गोठलेल्या समुद्रात अडकवून ठेवलेला एक तरंगता तळ होता. बर्फ का आणि किती वेगाने वितळतो आहे हे तिथून मोजले जायचे. अकरा माणसे होती. शास्त्रज्ञ दहा, आणि त्यांना ऊब देणारी जनित्रे चालवणारी अकरावी विशाखा. भाद्रपदात त्यांना आणायला निघालेली बोट बर्फ फोडता फोडता मागे फिरली. आता पुढच्या श्रावणापर्यंत दुसरी बोट नाही. तिकडे सूर्य मावळला होता, आणि तो काही एका रात्रीपुरता मावळला नव्हता, महिन्यांसाठी मावळला होता.

इकडे अकरा वर्षांची मघा माणदेशातल्या एका उघड्या माळावर, मोठ्या संदेश-तबकडीच्या शेजारच्या घरात, आजोबांबरोबर राहात होती. बाबा ती दोन वर्षांची असतानाच वारले होते. म्हणजे माणसे मोजायची तर घरात दोन आणि फोनमध्ये एक.

त्या घरात एक रीत होती. बाहेर पडणाऱ्याने 'जाते' म्हणायचे नाही, 'येते' म्हणायचे. ही रीत पुष्कळ घरांत असते, पण इथे ती जरा जास्तच कडक होती. विशाखा दळण आणायला निघाली तरी उंबऱ्यावर थांबून 'येते गं' म्हणायची, आणि आतून 'ये' आल्याशिवाय पाऊल उचलायची नाही. फोनही तसाच संपायचा. गेल्या सहा दिवसांत आईचे 'येते' एकदाही आले नव्हते. बोलता बोलता आवाज नाहीसा व्हायचा आणि कानात नुसती घरघर उरायची.

मघाने काय अर्थ लावला असेल, सांगा. आईला कंटाळा आला, असाच तिने लावला. आज चार मिनिटांचा कंटाळा, उद्या आठ मिनिटांचा. तिने आईला काही विचारले नाही, कारण त्या घरात दुसरीही एक रीत होती, आणि ती चांगली नव्हती. दुखले खुपले तर गप्प बसायचे. आई गप्प, आजोबा गप्प, आणि त्यांच्याकडे बघून पोरही गप्प.

रविवारी फोन सातला आला. मघाने घड्याळाकडे बघूनच तो उचलला. आईने विचारले, "जेवलीस का?" दोन मिनिटे होत आली होती. मघाच्या पोटात आठवडाभर साठलेले एकदम वर आले आणि ती म्हणाली, "बोलायचं नसेल तर नको करत जाऊस फोन."

सात वाजून दोन. घरघर.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारी आला नाही. बुधवारी ती पावणेसातपासून फोनजवळ बसली, आठ वाजत आले तरी उठली नाही. तेव्हा तिला कळून चुकले की आपण म्हटले आणि आईने ऐकले. तिने वही उघडली, बुधवारच्या ओळीत रेघ मारली आणि पान फाडायला घेतले.

फाटण्याच्या आवाजाने ओसरीवरचे आबा वळले.

आबांची ओळख करून द्यायला हवी. मघाचे आजोबा, विशाखाचे वडील, डॉक्टर महादेव गोरड. एकेकाळी त्यांच्याभोवती शंभर माणसे वावरायची. ध्रुवाकडच्या माणसांशी बोलता यावे म्हणून 'उत्तरा' नावाचे तीन संदेशवाहक उपग्रह सोडायचे ठरले, तेव्हा त्यांच्या वाटा आबांनी आखल्या होत्या. पहिल्याच्या वेळी अग्निबाणाचा शेवटचा टप्पा पेटला नाही आणि 'उत्तरा एक' समुद्रात पडला. लोक म्हणाले, असू द्या, दोघांवर भागवू. 'उत्तरा तीन' दोन वर्षे छान चालला आणि गेल्या महिन्यात त्याची वीज गेली. उरला एकटा 'उत्तरा दोन'. चौथा करायला निदान तीन वर्षे लागतील, असे वरून कळले. त्या दिवसापासून आबा ओसरीवर तबकडीकडे पाठ करून बसू लागले. आभाळाकडे बघायचेसुद्धा त्यांनी सोडले. लेक तिकडे अडकलेली आणि तिच्यापर्यंत पोचणारा आपल्या हातचा शेवटचा धागा विरत चाललेला. अशा माणसाला काय म्हणणार?

"काय फाडतीस गं?" त्यांनी विचारले.

मघाने वही पाठीमागे लपवली. मग तिचा बांध फुटला आणि तिने सगळे सांगून टाकले. आईला कंटाळा कसा आला, रविवारी आपण काय बोललो, आणि आता आई कधीच फोन करणार नाही. आबांनी ऐकून घेतले, हात पुढे करून वही मागितली, आणि अर्धवट फाटलेले ते पान दिव्याखाली धरले. सव्वीस, बावीस, अठरा, चौदा, दहा, सहा, दोन. त्यांचे बोट एकेका ओळीवरून खाली उतरले आणि रेघेपाशी थांबले. 

"आईला कंटाळा आला नाही, पोरी," ते म्हणाले. "चोर तुझ्यासमोर बसलाय."

मघाला काही कळेना. आबा म्हणाले की हे समजायचे तर मुळापासून यायला हवे. त्यांनी तिला कोपऱ्यातल्या पाण्याच्या माठाजवळ नेले.

आधी एक सांग, त्यांनी विचारले, गावातल्या घरांवर टीव्हीच्या तबकड्या असतात, त्या सगळ्या एकाच दिशेला तोंड करून का बसतात? मघाला हे शाळेत शिकवलेले होते. ते उपग्रह भूस्थिर कक्षेत असतात (म्हणजे विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर. तिथे पृथ्वीभोवतीची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका गिरकीएवढ्याच वेळात होते, त्यामुळे उपग्रह आभाळात एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो). मग तसाच एक तुझ्या आईसाठी का नाही टांगला? आबांनी माठावरचे झाकण काढले आणि तोंडाच्या कडेला बोट ठेवले. ही तुझी आई, ध्रुवाजवळ, माठाच्या तोंडाशी बसलेली मुंगी. आणि भूस्थिर उपग्रह म्हणजे माठाच्या पोटासमोर घोंघावणारी माशी. मुंगीला माशी दिसेल का?

मघाने डोळा माठाच्या तोंडाशी नेऊन बघितले. माठाचे पोटच मध्ये येत होते.

"म्हणजे उपग्रह आईच्या डोक्यावर हवा," ती म्हणाली.

डोक्यावर हवा हे खरे, पण तो तिथे थांबवायचा कसा? उपग्रह म्हणजे सतत पडत राहणारी वस्तू. तो पुढे धावतो आणि पृथ्वी त्याला खाली ओढते, या दोन्ही गोष्टी मिळून त्याची वाट वळते आणि फेरी होते. धावणे थांबले की आला खाली. आणि त्या फेरीची पातळी नेहमी पृथ्वीच्या केंद्रातूनच जाते (एखादी चकती पृथ्वीला मधोमध कापत जावी तशी), त्यामुळे नुसत्या ध्रुवावर गोल गोल फिरत बसता येत नाही. ध्रुवावरून गेलेला उपग्रह दक्षिणेलाही जाणारच. गोल कक्षेत ठेवला तर अर्धा वेळ आईकडे आणि अर्धा वेळ पेंग्विनांकडे. पेंग्विनांना फोन करायचा नसतो.

अंगणातल्या कडुनिंबाला ट्रॅक्टरचा जुना टायर बांधून मघासाठी झोका केलेला होता. आबा तिला तिकडे घेऊन गेले आणि झोक्यावर बसवून त्यांनी एक चांगला हिसका दिला. झोका कुठे जोरात जातो, त्यांनी विचारले. मघा म्हणाली, खाली, जमिनीजवळ. आणि कुठे रेंगाळतो? वर, टोकाला. तिथे क्षणभर थांबल्यासारखेच होते, पोटात गोळा येतो.

"आम्ही त्या रेंगाळण्याचा फायदा घेतला," आबा म्हणाले.

उपग्रहाची वाट गोल न ठेवता लंबवर्तुळाकार केली (लांबट, एका बाजूला ताणलेली). पृथ्वी त्या वाटेच्या मधोमध नसते, एका टोकाला असते. उपग्रह पृथ्वीला सर्वांत जवळ येतो त्या जागेला उपभू म्हणतात, सर्वांत लांब जातो ती अपभू. 'उत्तरा'चे उपभू दक्षिणेला ठेवले, जेमतेम सहाशे किलोमीटरवर. तिथून तो सेकंदाला दहा किलोमीटर अशा वेगाने सुसाट निघून जातो. अपभू उत्तरेला ठेवले, चाळीस हजार किलोमीटरवर. इतक्या उंच चढेपर्यंत पृथ्वीच्या ओढीने त्याचा वेग इतका कमी होतो की तो सेकंदाला दीड किलोमीटरवर येतो. फेरी बारा तासांची, पण त्यातले आठ तास तो वर उत्तरेलाच रेंगाळत असतो. शिवाय कक्षा विषुववृत्ताला त्रेसष्ट अंशांनी कललेली ठेवली, कारण त्या कलात अपभू आपली जागा सोडत नाही. नाहीतर पृथ्वी मध्यावर थोडी फुगीर असल्यामुळे ते हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेले असते.

मघाने झोका पायाने थांबवला. "मग बारा तासांची फेरी म्हणजे दिवसातून दोनदा वर येतो की. आईशी दोनदा बोलता येईल."

आबांना पोरीचे कौतुक वाटले, पण तोंडावर हसू काही आले नाही. येतो दोनदा, ते म्हणाले, पण बारा तासांत पृथ्वी अर्धी फिरते. एकदा तो आपल्या बाजूला वर येतो आणि दुसऱ्या वेळी पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला. आईला तो दोन्ही वेळा दिसतो, आपल्या तबकडीला एकदाच. म्हणून तीन उपग्रह हवे होते. एकाचे आठ तास संपले की दुसरा वर यावा, त्याचे संपले की तिसरा. तीन आठ्ठे चोवीस, एकही मिनिट रिकामे नाही. निदान कागदावर तरी तसेच होते.

"आणि माझी चार मिनिटं?"

आबांनी पूर्वेकडच्या टेकडीकडे बोट केले. आठ वाजून गेले होते आणि कृत्तिकांचा पुंजका टेकडीच्या माथ्यावर नुकताच उगवला होता. लहानपणापासून आबांनी तिला तारे ओळखायला शिकवले होते. ज्यांच्या घरात विशाखा आणि मघा नांदतात त्यांनी नक्षत्रे ओळखायला नकोत का? हा पुंजका गेल्या आठवड्यात किती वाजता दिसला होता, त्यांनी विचारले. मघाने आठवून सांगितले की उशिरा दिसला होता, जेवणे आटोपल्यावर.

तेच, आबा म्हणाले. पृथ्वीची एक गिरकी चोवीस तासांची नसते, तेवीस तास छप्पन मिनिटांची असते. याला नाक्षत्र दिवस म्हणतात (ताऱ्यांच्या मानाने मोजलेला दिवस). मग आपले घड्याळ चोवीस तास का दाखवते? आबा अंगणाच्या मध्ये उभे राहिले, म्हणाले मी सूर्य, आणि तू पृथ्वी, तोंड माझ्याकडे आणि माझ्या पाठीमागच्या कडुनिंबाकडे. आता स्वतःभोवती एक गिरकी घे, पण घेताना माझ्याभोवती एक पाऊल पुढेही सरक. मघाने तसे केले. गिरकी पुरी झाली तेव्हा तिचे तोंड कडुनिंबाकडे आले, जिथून सुरू केले होते त्याच दिशेला, पण आबा समोर नव्हते. थोडे बाजूला राहिले होते. त्यांच्याकडे बघायला तिला आणखी जरासे वळावे लागले.

"ते जरासं म्हणजे चार मिनिटं," आबा म्हणाले. "आपण सूर्याच्या घड्याळानं जेवतो, झोपतो. उपग्रहाला सूर्याचं काय? त्याच्या दोन फेऱ्या पृथ्वीच्या एका खऱ्या गिरकीशी जुळवल्यात. तो ताऱ्यांच्या घड्याळानं चालतो. रोज चार मिनिटं आधी उगवतो आणि चार मिनिटं आधी मावळतो."

मघा उभी राहिली होती तिथेच खाली बसली. म्हणजे आईने फोन ठेवला नव्हता. उपग्रह मावळला होता. सोमवारी सहा अठ्ठावन्नला मावळला, आणि आई सातला फोनवर आली.

आता आबा पुढचे बोलले, आणि ते बोलणे त्यांना जड गेले. तळावरच्या अकरा माणसांच्या फोनच्या वेळा त्यांनीच ठरवल्या होत्या. दहा जणांना दुपारच्या दिल्या. आपल्या लेकीला आधी घेतले असे कोणी म्हणू नये म्हणून विशाखाला सगळ्यांत शेवटची दिली, सातची. तिनेही बिचारीने जनित्राची पाळी त्याच हिशेबाने सातला संपवायची ठेवली. तेव्हा दोन उपग्रह होते, एक मावळताना दुसरा वर असायचा, म्हणून चार मिनिटे कोणाच्या लक्षातही येत नव्हती. एकच उरला तेव्हा वेळापत्रक बदलायला हवे होते. ते काम आबांचे होते, आणि आबा ओसरीवर पाठ फिरवून बसले होते.

मघाला राग यायला हवा होता. आला नाही, नुसते रडू आले. "मी आईला काय बोलले," ती म्हणाली. "ते तिनं ऐकलं असेल."

आबा दिव्याखाली बसून उद्याच्या उगवण्याची वेळ काढू लागले.

दुसऱ्या दिवशी मघाने शाळेला दांडी मारली. 'उत्तरा दोन' दहा वाजून सेहेचाळीस मिनिटांनी उगवणार होता. त्याआधी आबा महिन्यात पहिल्यांदा तबकडीच्या खोलीत गेले. तिथे सिंधूताई विरकर बसायच्या. तबकडी फिरवणे आणि निरोप लावून देणे हे त्यांचे काम. आबांनी विचारले, उपग्रह रोज लवकर मावळतो हे तुम्हांला दिसत नव्हते का?

"दिसत हुतं की," सिंधूताई म्हणाल्या. "आमाला वाटलं तुमास्नी ठावं असंल. तुमीच तर शिकीवलं आमाला."

झाले. गुरूला शिकवायचे कसे म्हणून शिष्या गप्प. तळावरही सांगणारे कोणी नव्हते. संपर्क सांभाळणारा माणूस आजारी पडून उन्हाळ्यातच परतला होता, आणि त्याचे काम आता यंत्र करायचे. ते फोन जोडून द्यायचे, पण फोन का तुटला हे त्याला कोणी विचारले नव्हते आणि त्याने सांगितले नव्हते.

आबांनी निरोप लिहिला. 'विशाखा, उपग्रह रोज चार मिनिटे आधी मावळतो. चूक माझी. आज सहा सेहेचाळीसच्या आत फोन कर.' त्याखाली मघाने लिहिले, 'आई, मी रागावले नाही.' तबकडीने हळूच मान वर केली. निरोप चाळीस हजार किलोमीटर वर गेला आणि तितकाच खाली उतरला. थोड्या वेळाने पडद्यावर 'पोचला' असा शब्द उमटला. यंत्राला पोचला म्हणायला काय लागते? विशाखाने वाचला की नाही, हे त्यात येत नव्हते.

तळाचे रोजचे आकडे पडद्यावर येत होते. वाऱ्याचा वेग, बर्फाची जाडी, आणि राहत्या खोलीचे तापमान. एरवी तिथे अठरा असायचे. आज नऊ होते. सिंधूताईंनी खाली बघितले आणि दबक्या आवाजात सांगितले की दोनपैकी एक जनित्र पहाटेपासून बंद आहे. म्हणजे विशाखा त्याच्याखाली पाठीवर पडून हात काळे करत असणार. तिथे जनित्र बंद पडणे म्हणजे नुसता अंधार नव्हे. दोन्ही बंद पडली तर काय, हे मघाने विचारले नाही. तिला ते आबांच्या तोंडावरून कळले.

दुपारी तापमान आठ झाले. नंतर सात.

सहा वाजले. सव्वासहा झाले. फोन घरात होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोघे बसून होते. साडेसहाला मघा म्हणाली, की आईने वाचलेच नसेल. सहा पस्तीसला ती म्हणाली, की वाचले असेल, पण तिला बोलायचे नसेल.  आबांनी आयुष्यभर उपग्रहांच्या वाटा मिनिटामिनिटाने आखल्या होत्या, आणि आता एकेक मिनिट त्यांच्यासमोरून जात होते आणि त्यांना काहीही करता येत नव्हते.

सहा चाळीसला फोन वाजला.

"मघे," आई म्हणाली. धापा टाकत होती. निरोप तिने आत्ताच वाचला होता. जनित्र सुरू झाले होते, तिच्या हाताचे एक बोट चेमटले होते, बाकी ठीक होते. मघाने काही विचारले की उत्तर यायला अर्धा सेकंद लागायचा, आवाजाला वर जाऊन खाली यायला आणि उत्तराला तसेच परतायला लागणारा वेळ. आज तो अर्धा सेकंद तिला सहन होत नव्हता.

"आई, मी रविवारी जे म्हणाले ते..."

अर्धा सेकंद.

"मला एवढंच ऐकू आलं, 'बोलायचं नसेल तर'," आई म्हणाली. "मला वाटलं, तुलाच माझा कंटाळा आलाय. रोज थोडं थोडं आधी ठेवतेस. म्हटलं, पोरगी मोठी होतीय, नको तिच्या मागे लागायला. तरी रोज सातला येऊन बसत होते."

म्हणजे इकडे मघा फोनजवळ आणि तिकडे आई फोनजवळ, दोघी एकाच वेळी, आणि दोघींच्या मध्ये काही मिनिटांपूर्वी मावळलेला उपग्रह. दोघींपैकी एकीने जरी पहिल्या दिवशी 'का गं ठेवलास?' असे विचारले असते, तर आठवडा वाचला असता.

आबांनी फोन घेतला आणि नवी रीत सांगितली. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटे आधी. पाळीही तशीच सरकवायची. विशाखाने विचारले की उपग्रह किती दिवस टिकेल. आबांनी मघाकडे बघितले. मग खोटे बोलले नाहीत. म्हणाले, दर फेरीत तो पृथ्वीभोवतीच्या प्रारण-पट्ट्यांतून जातो (तिथे विजेने भारलेले वेगवान कण अडकलेले असतात), आणि ते कण त्याच्या सौरपट्ट्या झिजवतात. फाल्गुनापर्यंत टिकेल. पुढचे सांगता येत नाही.

बोट श्रावणात होती. फाल्गुन ते श्रावण कोणी बोटांवर मोजले नाही, पण तिघांनीही मनात मोजले.

घड्याळात सहा पंचेचाळीस झाले. या वेळी शेवट कधी येणार हे माहीत होते, म्हणून मघाने फोन परत घेतला आणि म्हणाली, "आई, एक मिनिट राहिलंय."

"हो," आई म्हणाली. आणि मग, सावकाश, "येते गं."

"ये," मघा म्हणाली.

त्यानंतरही थोडे सेकंद उरले होते. दोघींनी ते नुसते धरून ठेवले. मग घरघर सुरू झाली, आणि मघाला पहिल्यांदाच ती घरघर उपग्रह मावळल्याची म्हणून ऐकू आली.

त्या रात्री दोघांनी फाटलेले पान चिकटवले आणि पुढच्या कोऱ्या पानापासून नवे वेळापत्रक लिहायला घेतले. शुक्रवार, सहा बेचाळीस. शनिवार, सहा अडतीस. ओळी खाली उतरत गेल्या तशी वेळ संध्याकाळवरून दुपारवर आली, दुपारवरून सकाळवर. फाल्गुनातल्या ओळी ऐन शाळेच्या वेळेत येत होत्या. आबा म्हणाले, बाईंना मी सांगेन. फाल्गुन संपला तिथे त्यांनी लेखणी खाली ठेवली.

मघाने ती उचलली नाही. तिने दप्तरातून पेन्सिल काढली आणि चैत्र लिहायला सुरुवात केली. आबा बघत राहिले. खोडता येईल अशा अक्षरांत तिने वैशाख लिहिला, ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भाद्रपद आणि पुढचा आश्विनही लिहिला. रोज चार मिनिटे आधी, रोज चार मिनिटे आधी, वेळ पहाटेवरून मागे रात्रीत शिरली आणि रात्रीतून पुन्हा आदल्या संध्याकाळवर आली. वर्षभरात चोराने चार चार करून अख्खा एक दिवस नेला, आणि शेवटच्या ओळीत मावळण्याची वेळ पुन्हा साडेसात झाली. जिथून सगळे सुरू झाले होते तीच.

"तवर आई घरी असेल ना?" मघाने विचारले.

आबांनी खिडकीतून तबकडीकडे बघितले. तिच्याकडे तोंड करून बसायला त्यांना महिना लागला होता. ते म्हणाले, की बोट आली तर असेल. आणि मग जुन्या कागदांचा गठ्ठा पुढे ओढून त्यांनी एका कोऱ्या कागदावर लांबट वर्तुळ काढले आणि वर लिहिले, 'उत्तरा चार'. तीन वर्षे लागणार होती. विशाखाला त्याचा काही उपयोग नव्हता. पण ध्रुवाजवळ तेव्हाही कोणाची तरी आई असणार होती.

मघाने शेवटच्या ओळीत साडेसात लिहिले आणि पुढे फोनची वेळ लिहायची जागा मोकळी सोडली. तिच्या हिशेबाने त्या दिवशी फोनची गरज पडणार नव्हती. त्या दिवशी आईला हाक मारली की ती स्वयंपाकघरात ऐकू जाणार होती.